सिंधुबाई गावडे यांच्या नाकाची, घराची आणि रानाची व्यवस्था

लिहून ठेवणार : श्रीमती सिंधुबाई महिपती गावडे, वय ७० वर्षे, निवृत्त केमिस्ट, राहणार भवानीनगर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

माझ्यामागे माझ्या मिळकतीचे काय करायचे, हे मी आज स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही, कोणी धमकावले म्हणून नाही आणि कोणाला खूश करायचे म्हणून तर मुळीच नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि शेवटचे समजावे.

कलम १. माझ्या शुद्धीबद्दल

गुडघे सोडले तर माझी प्रकृती चांगली आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. हे लिहायला मी सकाळी साडेनऊला बसले असून आजच्या दिवसात माझ्या पोटात दोन कप चहा, एक भाकरी आणि मेथीची भाजी यांपलीकडे काही गेलेले नाही. हे मुद्दाम नोंदवते, कारण माझे धाकटे दीर श्री. रावजी गावडे, राहणार कोऱ्हाळे बुद्रुक, उद्या कोर्टात उभे राहून "वहिनी पिऊन लिहीत होत्या" असे म्हणतील, अशी मला दाट शंका आहे. डॉ. मनिषा शेंडे सहीच्या वेळी मला तपासून जो दाखला देतील, तो सोबत जोडावा. वकील म्हणाले, एवढ्याची गरज नाही. पण मी पस्तीस वर्षे प्रयोगशाळेत काढली आहेत. नमुना घेतला की त्याला चिठ्ठी लावायची, ही माझी सवय आहे.

कलम २. मी कोण

माझे माहेर वडगाव निंबाळकर. वडील जोतीराम गावच्या दूध संकलनावर होते. कॅनचे झाकण उघडून नाक खाली नेले की म्हैस कालपासून आजारी आहे का, हे ते सांगायचे. मला त्यांची जमीन मिळाली नाही, नाक मिळाले. बारामतीला बी.एस्सी. केली आणि १९७८ साली भवानीनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. त्या खोलीत तेव्हा मी एकटीच बाई होते. उसाचा रस आला की यंत्रात घालायच्या आधी मी तो हुंगायचे. तोडून तीन दिवस पडलेल्या उसाला एक आंबूस, बुळबुळीत वास येतो. मी "शिळा" म्हटले आणि यंत्राने "ताजा" म्हटले, असे माझ्या आठवणीत दोनदा झाले. दोन्ही वेळा यंत्र दुरुस्तीला पाठवावे लागले.

१९७९ साली माझे लग्न कोऱ्हाळ्याच्या महिपती गावडे यांच्याशी झाले. ते उसाचा ट्रक चालवत. माणूस हसरा, गाणारा, मुलांना खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा होता. आणि दारू पिणारा. १९९८ साली ते त्यातच गेले. तेव्हा माझा मुलगा ऋषिराज सोळा वर्षांचा होता आणि मुलगी सुप्रिया अकरा वर्षांची. बापाला रस्त्यावरून धरून घरी आणण्याचे काम ऋषिराजने दोन वर्षे केले, कारण मी कारखान्यात पाळीवर असायचे. हे वाक्य लिहायला मला सत्तावीस वर्षे लागली आहेत.

कलम ३. मी बिअरवर का लिहिते

हे कलम मिळकतीचे नाही, पण याशिवाय पुढची कलमे कोणाला कळणार नाहीत. शिवाय गावात याच्या तीन-चार आवृत्त्या फिरत आहेत. खरी ही आहे.

सुप्रिया सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि पुण्यात एका लहान कारखान्यात बिअर बनवायला लागली. तिथे एकाच साच्यातली बिअर नसते. गव्हाची, भाजलेल्या धान्याची, कडू, आंबट अशा निरनिराळ्या जातींची बिअर थोडी थोडी करतात. मला ते कळले तेव्हा मी तिच्याशी महिनाभर नीट बोलले नाही. ती सुट्टीला आली की आम्ही पाऊसपाण्याविषयी बोलायचो.

२०१६ च्या फेब्रुवारीत ती एके दिवशी सकाळी दोन बाटल्या घेऊन आली आणि ओट्यावर बसून रडायला लागली. तिसऱ्यांदा सगळा माल ओतून द्यावा लागला होता. बिअरला तुपासारखा वास येत होता आणि का येतो, ते कोणालाही सापडत नव्हते. यीस्ट बदलून झाले होते, पाणी तपासून झाले होते. मालक म्हणाला होता, आणखी एकदा असे झाले तर दुसरी नोकरी बघ.

"पिऊ नको आई," ती म्हणाली. "फक्त वास घे. तुझं नाक हवंय मला."

मी बाटली नाकाखाली धरली. तुपाचा वास होताच. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता आणि तो मी पस्तीस वर्षे ओळखत होते. उसाचा रस ज्या पन्हळीतून वाहतो, तिच्या कोपऱ्यात बुळबुळीत थर धरला की असाच वास येतो. त्यावर एकच उपाय : वाफ सोडायची आणि सांधे उघडायचे.

"टाकीत न्हाय दोष," मी म्हटले. "पाइपच्या सांध्यात काहीतरी बसलंय. पुसून जाणार न्हाय. सांधा उघडा."

तिने तिथूनच फोन केला. दुपारी उलट फोन आला. एका तोटीच्या आतल्या रबरामागे बोटभर चिकट थर निघाला होता. सुप्रियाने फोन ठेवला आणि मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा वाकला.

त्या दिवशी मी पहिला घोट घेतला. पिण्यासाठी नाही, तपासण्यासाठी. मी कशाला घाबरत होते, ते एकदा समोर ठेवून बघायचे होते. आणि मला जे दिसले ते असे : महिपती ज्याला "माल" म्हणत, त्याला चव नव्हती, नुसता धक्का होता. यात धान्य होते, फूल होते, पाणी होते, कोणाची तरी मेहनत होती आणि कोणाची तरी चूक होती. ते मला वाचता येत होते.

मग मी रीतसर सुरुवात केली. मद्यसेवनाचा परवाना काढायला गेले तेव्हा खिडकीवरच्या साहेबांनी न बघताच विचारले, "मालकांच्या नावानं काढायचा का?"

"मालक जाऊन अठरा वर्षं झाली," मी म्हटले. "माझ्या नावानं काढा. आजीवन."

त्यांनी वर पाहिले, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा, आई."

पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी अकराला, उजेडात, तोंड कोमट पाण्याने धुऊन, मी एक बिअर घेते. चार घोट. बाकीची परसातल्या पेरूला. पेरू झपाट्याने वाढला आहे आणि शेजारी खताचे नाव विचारतात. मग मी वहीत लिहिते आणि तेच सुप्रिया मोबाइलवर टाकते. सुरुवातीला ती म्हणाली होती, "आई, टोपणनाव घे." मी म्हटले, "मी काय चोरी केली का? सिंधुबाई गावडे, भवानीनगर. असंच टाक."

लोक वाचायला लागले. मुंबई-बंगळूरहून लोक आपल्या बाटल्या पाठवायला लागले. मराठीत कोणी असे लिहीत नाही म्हणे. मला मराठीशिवाय कशात लिहिता येणार? जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये वेलची केळे आणि लवंग असते. ते मी तसेच लिहिले. स्टाउट नावाच्या काळ्या बिअरबद्दल लिहिले, "ज्वारीच्या भाकरीचा करपलेला काठ, त्यावर काकवीचा थेंब." एका प्रसिद्ध कडू बिअरबद्दल लिहिले, "हॉप्सची फुलं एवढी घातली आहेत की कारल्याला लाज वाटावी. कडूपणा म्हणजे धाडस नव्हे." त्या मालकाने रागाने फोन केला आणि सहा महिन्यांनी फुले कमी केली.

कलम ४. कोऱ्हाळ्याची जमीन आणि रावजी भावजी

महिपतींच्या हिश्श्याची कोऱ्हाळे बुद्रुक येथील तीस गुंठे बागायत, जी त्यांच्यामागे दोन्ही मुलांच्या संमतीने माझ्या एकटीच्या नावावर झाली आहे, ती मी माझी मुलगी सुप्रिया हिला देत आहे. संपूर्ण. विहिरीतल्या पाळीसकट.

ही जमीन रावजी भावजींच्या बांधाला लागून आहे आणि ती आपल्याला मिळावी, असे त्यांच्या मनात आहे. मागच्या वर्षी ते घरी येऊन म्हणाले, "वहिनी, पोरीला रान कशाला? ती काय तितं बिअर पिकवनार हाय का?"

"व्हय," मी म्हटले.

ते उठून गेले. चहा तसाच राहिला.

मी खोटे बोलले नव्हते. सुप्रियाला तिथे मालदांडी ज्वारी लावायची आहे आणि तिची बिअर करायची आहे. तिने ती दोन हंगाम लावलीही. तिला ऊस नको आहे, आणि कोऱ्हाळ्यात हे बोलणे बिअरपेक्षा मोठा गुन्हा आहे.

आता जुना हिशेब. २०१८ साली ऋषिराजच्या मुलीचे बारसे कोऱ्हाळ्याला मांडव घालून झाले. माझ्या आईचे, कुशाबाईचे, नाव पुढे चालावे म्हणून नातीचे नाव कुशावती ठेवले. पाळणा झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि रावजी भावजींनी माइक हातात घेतला. मला वाटले, आशीर्वाद देतील. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझे स्टाउटवरचे लिखाण मोठ्याने वाचायला सुरुवात केली. करपलेला काठ, काकवी, सगळे. लोक आधी हसले. मग ते म्हणाले, "माझा भाऊ ज्या दारूनं मेला, तिचं कौतुक वहिनी जगाला सांगत्यात. ह्या घरच्या पोरीचं बारसं हाय आज. काय शिकल ती?"

मी उठले, त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हटले, "भावजी, वाचण्यात एक चूक झाली. ते 'माल्ट' हाय, 'माल' न्हाय. मोड आणून वाळवलेलं धान्य. बाकी छान वाचलंत." आणि बसले. बायका पदराआड हसल्या. मी जिंकले, असे मला वाटले.

तर, श्री. रावजी गावडे यांना माझ्या मिळकतीतून काही मिळणार नाही. फक्त त्या स्टाउटच्या लेखाची एक छापील प्रत द्यावी. "माल्ट" शब्दाखाली मी रेघ मारून ठेवली आहे.

इथपर्यंत काल लिहिले होते. आज सकाळी पुन्हा वाचले आणि आणखी चार ओळी घालते.

भावजी, महिपतींना शेवटच्या वर्षी, डॉक्टरांनी थेंबाला मनाई केल्यावर, बाटली कोण आणून देत होते, हे मला तेव्हाही माहीत होते. मी कोणाला बोलले नाही. तुम्हाला भावाला नाही म्हणता आले नाही. मलाही एकोणीस वर्षे नवऱ्याला नाही म्हणता आले नाही. मांडवात तुम्ही माझ्यावर ओरडत होता, पण ते माझ्यासाठी नव्हते, हे मला कळायला उशीर झाला. लेखाची प्रत घ्या. नको असेल तर टाकून द्या. पण विहिरीची पाळी सुप्रियाला वेळेवर द्या.

कलम ५. भवानीनगरचे घर

मी माझ्या कमाईने बांधलेले भवानीनगरचे तीन खोल्यांचे घर, ओटा, परस आणि पेरूसह, मी माझा मुलगा ऋषिराज आणि सून माधवी यांना दोघांच्या नावाने देत आहे. सुप्रियाला हे मान्य आहे. मी तिला विचारले आहे.

याचे कारण लिहिणे मला भाग आहे. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऋषिराज माझ्यासमोर येऊन बसला. तो तेव्हा याच घरात राहत होता. ठिबकच्या पाइपचे त्याचे दुकान बारामतीला आहे. रोज ये-जा करायचा. तो म्हणाला, "आई, काका चुकलं. पण तू हे थांबव."

"का? मी पिते का? तू बघतोस, चार घोट."

"तुजं खरं हाय. तू पित न्हायस. पण मागच्या खोलीत बाटली उघडल्याचा आवाज आला, की मी पुन्हा चौदा वर्षांचा होतो. माजे हात गार पडत्यात. मी काय करू?"

यावर मी काय बोलायला हवे होते, ते मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी म्हटले, "तुझा बाप आणि मी एक न्हाय." आणि मग त्याला दारू आणि बिअर यांतला फरक समजावून सांगितला. टक्केवारीसकट. माझे लेकरू हात गार पडतात म्हणून सांगत होते आणि मी त्याला टक्केवारी सांगितली.

महिन्याभरात तो माधवी आणि मुलीला घेऊन बारामतीला राहायला गेला. भांडण झाले नाही. दिवाळीला येत, पाया पडत, जेवून जात. तीन वर्षे आम्ही पाहुण्यासारखे वागलो. मी लिहीत राहिले. मी बरोबर होते, आणि बरोबर असण्याने घर भरत नाही, हे मला रोज संध्याकाळी दिसत होते.

२०२१ च्या मे महिन्यात मला ताप आला. ती साथ होती. माझ्यावर हलकी गेली. पंधरा दिवसांनी मी नेहमीप्रमाणे एक बाटली उघडली, हुंगली आणि वहीत लिहिले, "पाणचट." दुसरी उघडली. तीही पाणचट. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि हिंगाची डबी उघडली. नाक डबीत घातले. काही नाही. डबी रिकामी असावी तसे. मी खाली बसले. सासर, माहेर, नोकरी, वैधव्य, यांतल्या कशातही मी अशी खाली बसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सुप्रियाला मोबाइलवर चार ओळी टाकायला सांगितल्या : "माझे नाक गेले आहे. ते परत येईपर्यंत मी लिहिणार नाही. मागचे लिखाण तपासून केलेले होते." एका कारखान्याच्या मालकाचा फोन आला. "मावशी, तुमचं नाव पुरे. मजकूर आम्ही लिहून देतो." मी म्हटले, "नाव नाकाचंच होतं, दादा. ते गेल्यावर नुसती सिंधुबाई उरली. ती तुमच्या कामाची न्हाय."

माझ्या लिखाणाची नेमाची वाचक माधवी होती, हे मला तेव्हा कळले. नवऱ्याला न सांगता ती तीन वर्षे वाचत होती. त्या चार ओळी तिने ऋषिराजला दाखवल्या.

तो दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसातला मोटारसायकलवरून आला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून आला होता. हातात चार बरण्या होत्या : लवंग, लिंबाची साल, निलगिरीचे तेल आणि गुलाबाच्या पाकळ्या. रोज दोनदा, एकेक बरणी, नाकाला शिकवायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. संध्याकाळचे माझे मी करायचे, सकाळचे तो करून घेणार.

"डोळे मीट," तो म्हणाला. "काय येतंय?"

"काही न्हाय."

"बरं. पुढची."

अकरा महिने. दुकान उघडण्याआधी, रोज. पावसाळ्यात भिजून आला, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडला तेव्हा आडवाटेने आला. भिंतीवर त्याने तक्ता लावला होता, मी प्रयोगशाळेत लावायचे तसा. चार रकाने, रोजची फुली. "काय येतंय?" "काही न्हाय." मधल्या काळात आम्ही तीन वर्षांचे राहिलेले सगळे बोललो. त्याने मला त्याच्या बापाविषयी अशा गोष्टी सांगितल्या, ज्या मला माहीत नव्हत्या. मी त्याला सांगितले, की त्या दिवशी टक्केवारी सांगायला नको होती.

"मला आठवत न्हाय," तो म्हणाला. आठवत होते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये एका सकाळी त्याने लवंगेची बरणी पुढे केली. लवंग आली नाही. पण काहीतरी आले. तिखट, झोंबणारे. मी त्याचा हात धरून नाकाशी नेला.

"तुझ्या बोटांना पाइप चिकटवायचं सोल्युशन लागलंय," मी म्हटले.

त्याने स्वतःची बोटे हुंगली. मग ओट्याच्या पायरीवर बसला आणि चाळीस वर्षांचा माणूस हुंदके देऊन रडला. काल संध्याकाळी दुकानात जोडणी केली होती म्हणाला, दोनदा साबणाने हात धुतले होते.

त्या आठवड्यात लवंग आली, मग लिंबू, मग निलगिरी. मी त्याला विचारले, "मी पुन्हा सुरू केलं तर?"

त्याने चारही बरण्यांची झाकणे लावली. "कर. पण उघडायच्या आधी मला सांगत जा. मी बाहेर थांबतो."

तेव्हापासून तो घरी असेल तर मी सांगते. तो परसात जातो, पेरूला पाणी घालतो आणि मग मी उघडते. ऋषिराजने आजवर एक थेंबही तोंडाला लावलेला नाही. लावावा, अशी माझी इच्छा नाही. माझ्यामागे या घरात बाटली ठेवायची की नाही, हे तो ठरवील. सुप्रियाने त्यावर वाद घालू नये. हे घर त्याला यासाठी देत आहे, की ज्या वयात मुलाने घरात निर्धास्त झोपायचे, त्या वयात मी त्याला ते देऊ शकले नाही.

कलम ६. वह्या आणि उपकरणे

माझ्या नऊ वह्या, ज्यांत आजवर चाखलेल्या २१७ बिअरच्या नोंदी आहेत, त्या माझी सून माधवी हिला मिळाव्यात.

सुप्रियाला याचे आश्चर्य वाटणार नाही. माझे नाक परत आले ते पूर्ण आले नाही. गुलाब आजही येत नाही. म्हणून प्रत्येक लेखाखाली मी लिहिते, "लेखिकेला गुलाबाचा वास येत नाही." एकदा माधवी शेजारी बसून वांगी चिरत होती. मी एका आंबट बिअरचा पेला खाली ठेवला आणि ती तिथूनच म्हणाली, "आत्या, ह्यात फूल हाय. जाईसारखं. पण कालचं, कोमेजलेलं." मी सुप्रियाला फोन करून विचारले. त्यात जाईसारख्या वासाची हॉप्सची फुले होती आणि बाटली आठ महिन्यांची जुनी होती. तेव्हापासून फुलांचे रकाने माधवी भरते. ती पीत नाही. फक्त हुंगते. नाकाला परवाना लागत नाही.

माधवी, पुढे लिहायचे असेल तर स्वतःच्या नावाने लिही. माझे नाव वापरू नकोस. मला येत नसलेला गुलाब तुला येतो.

बीकर, हायड्रोमीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि चाखण्याचे सहा पेले सुप्रियाचे. यांतला उंच बीकर तळाशी चिरलेला आहे, त्यात गरम काही ओतू नये.

माझ्या दोन पाटल्या नात कुशावती हिला, ती अठरा वर्षांची झाल्यावर. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. आजीवन परवाना कोणालाही देता येत नाही. तो कार्यालयात परत करावा आणि त्या साहेबांची बदली झाली नसेल तर त्यांना माझा नमस्कार सांगावा.

कलम ७. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा भाचा विशाल, राहणार वडगाव निंबाळकर, याने करावी. तो कमी बोलतो आणि कागद नीट ठेवतो. माझ्या तेराव्याला कोणी माझ्या नावाने बिअर काढू नये, बाटलीवर माझा फोटो छापू नये. कोणी छापलाच, तर माधवीने त्या बिअरवर लिहावे आणि दयामाया करू नये.

कलम ८. सुप्रियाच्या बिअरबद्दल

सुप्रियाने बनवलेल्या एकाही बिअरवर मी आजवर लिहिलेले नाही. आईने मुलीच्या मालावर लिहिणे हा खोटा नमुना. कोणी विश्वास ठेवू नये आणि ठेवलाही नसता. पण यंदा मार्चमध्ये ती कोऱ्हाळ्याच्या ज्वारीची पहिली बिअर घेऊन आली. मी चाखली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटले, "बरी आहे." तिचा चेहरा उतरला. "बरी म्हणजे?" तिने विचारले. मी विषय बदलला.

मी घाबरले होते. चांगली म्हटले असते तर तिला वाटले असते, आई म्हणून म्हणते. वाईट म्हणावी अशी ती नव्हती. आता हे वाचले जाईल तेव्हा मी नसेन आणि मला कोणाकडून काही नको असेल. म्हणून हे लिखाण ग्राह्य धरावे.

बिअर : ज्वारीची, सुप्रिया महिपती गावडे हिने केलेली. चाखल्याची तारीख ९ मार्च २०२५, सकाळी अकरा.

रंग फिकट, उसाचा रस निवळल्यावर वर येतो तसा. फेस बारीक, पण लवकर बसतो. ज्वारीत तो धरून ठेवायला काही नसते. पुढच्या वेळी थोडा गहू घाल. वास : आधी गोवरीवर भाजलेला हुरडा, अगदी हाताने चोळून फुंकर मारलेला. मग हिरवा, ओल्या कडब्याचा. चव कोरडी. गोड होईल असे वाटते आणि ऐनवेळी आवरते. मध्ये किंचित तुरट, तो दोष नाही, ते कोऱ्हाळ्याचे पाणी आहे. हॉप्स बेताची. गिळल्यावर तोंड स्वच्छ राहते आणि लगेच भूक लागते. बिअरने भूक लावावी, हे फार थोड्यांना जमते.

मी २१७ चाखल्या. त्यांत ही पहिली नाही. तिसरी आहे. पहिल्या दोन कोणत्या, ते माधवीकडच्या वहीत आहे. जा, त्या चाख, आणि पुढच्या हंगामात त्यांच्या पुढे जा. तुला जमेल. हे मी आई म्हणून लिहीत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि तो मला मान्य आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तिन्ही ठिकाणी माझी आद्याक्षरे आहेत.

सही
सिंधुबाई महिपती गावडे

ठिकाण : भवानीनगर, तालुका इंदापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :

१. बिरदेव मारुती कोकरे, वय ७२, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार भवानीनगर. सिंधुताईंनी आमच्यासमोर सही केली. त्यांच्यासोबत मी बावीस वर्षे काम केले. सही त्यांचीच आहे आणि डोके त्यांचेच आहे.

२. डॉ. मनिषा अशोक शेंडे, वय ४४, राहणार बारामती. सहीच्या वेळी तपासणी केली. मृत्युपत्र करणार पूर्ण शुद्धीत असून, माझ्या हाताला सॅनिटायझर कोणत्या वासाचा आहे, हे त्यांनी मी खोलीत येताच सांगितले.